सलामतचाचांचा रोजा आणि उकंडरावांचं बोट

मी शुगरची मशीन बोलतेय. खोक्यावर माझं नाव मोठ्या ऐटीत 'ग्लुकोमीटर' असं छापलेलं होतं, म्हणजे जन्मानं मी पुरुष. पण बुलढाण्याकडच्या धाड गावात आले त्या दिवशी दारातच कुणीतरी विचारलं, "आली का शुगरची मशीन?" आणि तेव्हापासून मी बाई झाले ती झालेच. माझी काही तक्रार नाही. या घरात बायांचंच जास्त ऐकलं जातं, निदान पोट भरल्यावर तरी.

माझं बोलणं म्हणजे फक्त आकडा. पट्टीवर रक्ताचा एक थेंब लावा, मी क्षणभर विचार करते आणि सांगून टाकते. गोड बोलायचं काम माझं नाही. रक्तात गोड किती आहे ते सांगायचं, एवढंच माझं काम. त्यामुळे माझ्यावर प्रेम करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं फार काही आठवत नाही. सगळ्या बहिणी सारख्याच दिसायच्या आणि नीट ओळख व्हायच्या आत आम्हाला खोक्यात कोंबलं. मेहकरच्या एका औषधाच्या दुकानात मी बरेच महिने फळीवर बसून होते. डावीकडे केसांचा कलप आणि उजवीकडे लहान बाळांची पावडर. गिऱ्हाईक यायचं, मला उचलायचं, उलटंपालटं करायचं आणि म्हणायचं, "नको बुवा, घरात रोज कटकट." कलप मात्र हातोहात खपायचा. आपलं वय माणसाला झाकायला आवडतं आणि आजार तर त्याहून जास्त, हे मी त्या फळीवरच शिकले.

शेवटी एक दिवस रुकैया आली. ती मेहकरला सासरी असते, माहेर धाडचं. "अब्बांना तपासायला बुलढाण्याला जायचं म्हटलं की त्यांचे गुडघे दुखतात," ती दुकानदाराला म्हणाली, "आणि बुलढाण्यात लग्न असलं की गुडघे आपोआप बरे होतात." मग एसटीत तिच्या मांडीवर बसून, चिखलीला बस बदलून, मी धाडला आले.

तिचे अब्बा म्हणजे सलामत नद्दाफ. सगळं गाव त्यांना सलामतचाचा म्हणतं. पिढीजात पिंजारी. 'सलामत गादी घर' अशी पाटी असलेलं दुकान, मागच्या बाजूला घर, आणि मध्ये फक्त एक पडदा. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, दाभणानं टाके घालायचे, असं त्यांचं आयुष्य गेलं. दाभण म्हणजे गादी शिवायची वीतभर लांब सुई. ती त्यांच्या हातात दिवसभर असते, कधी कधी दातातही असते. रुकैयानं माझ्यासोबतची सुई बाहेर काढली. ती इतकी बारीक की दिसायलाही चष्मा लागावा. ती बघून या माणसानं डोळे गच्च मिटले आणि कलमा म्हणायला सुरुवात केली. मला हसता येत असतं तर मी तिथेच बंद पडले असते.

पहिला आकडा मी दाखवला तीनशे अठरा.

"खोटी हाय," चाचा म्हणाले. लगेच त्यांनी शेजारच्या गिरणीतून उकंडरावांना हाक मारली. उकंडराव म्हणजे पिठाच्या गिरणीचे मालक आणि चाचांचे शाळेपासूनचे दोस्त. आयुष्यभर गिरणीच्या खडखडाटात उभं राहून त्यांच्या कानांनी निम्मी सुट्टी घेतलेली आहे. ते आले ते डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरे. चाचांनी त्यांचं बोट धरलं, टोचलं, आणि मी दाखवलं दोनशे चौसष्ट.

"पाह्य!" चाचांना आनंदच झाला. "दोघायलेही जास्तच दाखवून राह्यली. मशीनच फुटकी हाय."

चाचांची बायको जुलेखाबी काही बोलल्या नाहीत. त्यांनी हात धुतले, पुसले आणि स्वतःचं बोट पुढे केलं. मी सत्त्याण्णव दाखवलं.

"तुले भेते ते," चाचा म्हणाले.

त्या दिवशी उकंडरावांना कळलं की आपल्यालाही साखर आहे. त्यांनी चाचांना बाजूला घेतलं आणि आपल्या मते कानात सांगितलं, म्हणजे बसस्टँडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "माह्या घरी सांगू नको बे. अन्नपूर्णाले समजलं तं माहा चहा बंद होईन." अन्नपूर्णाबाई त्यांच्या बायको. नशीब की त्या वेळी गिरणी चालू होती.

पुढे माझं बरं चाललं होतं. माणसांचे नमुने मी रोज बघत होते. आकडा कमी आला की म्हणायचे, "बघा, मी पथ्य पाळतो." जास्त आला की म्हणायचे, "पट्टी जुनी असंल." एकदा चाचांनी गुळाची ढेप फोडून तसंच बोट पुढे केलं आणि मी जवळपास पाचशेला टेकले, तेव्हा घरात रडारडच सुरू झाली होती. हात धुऊन पुन्हा बघितलं तर आकडा निम्म्यानं उतरला. त्या दिवशी माझी अब्रू गेली, गुळाची काही गेली नाही.

आता रोज्यांचं सांगते. इथल्या माझ्या पहिल्या रमजानचा चांद दिसला त्या संध्याकाळी चाचांनी मला उचललं, गोधडीत गुंडाळलं आणि पेटीत टाकलं. त्यांचं म्हणणं होतं की रोज्यात रक्त निघालं की रोजा तुटतो. आख्खा महिना मी डांबराच्या गोळ्यांच्या संगतीत काढला. पांढऱ्या, गोल गोळ्या बघून आधी वाटलं की याही साखरेच्याच असाव्यात. बाहेर चाचांचं काय चाललंय हे मला कळत नव्हतं. ईदला बाहेर काढलं तेव्हा ऐकलं की दुपारच्या वेळी ते 'जरा पडतो' म्हणून कापसाच्या ढिगात झोपायचे आणि हलवल्याशिवाय उठायचे नाहीत. घामानं कापूस ओला व्हायचा. जुलेखाबी महिनाभर नमाजपेक्षा जास्त वेळा त्यांचा श्वास बघत होत्या.

म्हणून पुढच्या वर्षी चांद दिसायच्या आधीच जुलेखाबी त्यांना धम्मशीला मॅडमच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. मॅडम धाडच्याच, शिकून गावातच दवाखाना टाकलेल्या. मीही पिशवीत होते. मॅडमनी कागद बघितले आणि सरळ सांगितलं, "चाचा, माझं ऐकाल तर रोजे धरू नका. आजारी माणसाला तुमच्या धर्मात सूट आहे ना?"

"सूट हाय," चाचा म्हणाले, "पण ते खाटेवरच्या बुढ्यायसाठी. म्या तं अजून गादी उचलतो. मिसरूड फुटायच्या आधीपासून एकही रोजा सोडला नाई मॅडम. आता सोडला तं वरती काय तोंड दाखवू?"

ते मोठ्या बढाईनं म्हणाले, पण शेवटी त्यांचा आवाज फाटला. तो हट्ट नव्हता फक्त. रोजा धरता येत नाही म्हणजे आपण म्हातारे झालो, असं त्यांना वाटत होतं, आणि मला त्यांची दया आली.

मॅडमही विरघळल्या असाव्यात. त्यांनी नियम घालून दिले. सकाळची पूर्ण गोळी आता इफ्तारला घ्यायची. रात्रीची गोळी अर्धी करून सहेरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला घ्यायची. रोज दुपारी मशीन लावायची. आकडा सत्तरच्या खाली गेला की अजानची वाट न बघता लगेच रोजा सोडायचा. तीनशेच्या वर गेला तरी सोडायचा आणि दवाखान्यात यायचं.

"पण रक्त निघालं की रोजा..." चाचांनी शेवटचा पत्ता टाकला.

त्यासाठी जुलेखाबी त्यांना मौलानासाहेबांकडे घेऊन गेल्या. मौलाना म्हणाले, "बोटाला सुई टोचल्यानं रोजा तुटत नाही. जीव धोक्यात घालून रोजा रेटणं मात्र चूक आहे. सोडावा लागला तर त्याचीही वाट आहे." मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "हीच का ती मशीन? बघू." त्यांनी मोठ्या हौसेनं बोट पुढे केलं. मी दोनशे दहा दाखवलं. मौलानासाहेब बराच वेळ दाढीवरून हात फिरवत राहिले आणि मग त्यांनी जुलेखाबींना धम्मशीला मॅडमच्या दवाखान्याची वेळ विचारली.

झालं. चाचांचे सगळे रस्ते बंद झाले. रमजान सुरू झाला आणि मी या वेळी पेटीत नव्हते, दुकानात होते, दाभणाच्या डब्याशेजारी. दुपारी घरात जुलेखाबी शेजारपाजारच्या बायकांसोबत इफ्तारच्या तयारीला लागायच्या, म्हणून चाचांनी दुकानात स्वतःच बोट टोचायचं आणि संध्याकाळी जुलेखाबींनी माझं बटण दाबून आकडा बघायचा, असं ठरलं. बटण कुठलं ते रुकैयानं फोनवरून शिकवलं होतं.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दुपारी आकडा आला चौऱ्याहत्तर.

चाचा माझ्याकडे बघतच राहिले. सत्तरला अगदी खेटून. उद्या अडुसष्ट आला तर? ते उठले, पडद्याआड कुणी नाही ना ते बघितलं, आणि गिरणीकडे तोंड करून ओरडले, "उकंड्या, जरा इकडं ये बे!"

उकंडराव आले.

"तुहं बोट दे."

"काऊन?"

"माह्या रोज्याचा सवाल हाय. तुही शुगर कधी खाली येतच नाई. दुपारी एकडाव टोचून घे, तुहं काय जाते? जुलेखाचं समाधान व्हते, माहा रोजा राह्यते."

उकंडरावांनी विचार केला. मग त्यांनी पीठ झटकून बोट पुढे केलं. दोस्तासाठी माणूस काय काय करतो! मी दाखवलं एकशे ब्याण्णव. चाचांचा चेहरा खुलला.

आता तुम्ही म्हणाल, तू काय केलंस? अहो, मी काय करणार? मी खोटं बोलले नाही. रक्त उकंडरावांचं होतं आणि आकडाही उकंडरावांचाच होता. मला नाव विचारता येत नाही, तोंड बघता येत नाही. पण वैताग आला होता हे खरं. रोज दुपारी ते पिठाळलेलं बोट यायचं, आणि मालक मात्र बाजूला बसून माझ्याकडे बघायचंही टाळायचे. त्यांचा स्वतःचा आकडा काय आहे ते आता कुणालाच माहीत नव्हतं. मी शेजारीच पडलेली असूनसुद्धा.

तिकडे जुलेखाबी संध्याकाळी बटण दाबायच्या आणि गोंधळात पडायच्या. एकशे ब्याण्णव, दोनशे सात, दोनशे एकवीस. दिवसभर उपाशी माणसाची शुगर वर कशी? "छुपके कुछ खाते तो नहीं?" त्यांनी एकदा विचारलं, आणि चाचा इतके दुखावले की इफ्तारचे भजे त्यांनी दोनच खाल्ले.

मग एकादशी आली. एकादशी काय आणि रमजान काय, दोन्ही चंद्रावरच चालतात, त्यामुळे चुकवायची सोय नव्हती. उकंडरावांचा उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वर रताळ्याच्या गोड फोडी, वर शेंगदाण्याचा लाडू आणि वर केळं. एक दोस्त उपाशी राहून खाली जातो आणि दुसरा उपास करून वर जातो, हा चमत्कार मी या दोन दुकानांच्या मधोमध बसून बघितला. त्या दुपारी उकंडरावांनी ढेकर देत बोट पुढे केलं. दोनशे एक्क्याण्णव.

"जमलं," चाचा म्हणाले. "तीनशेच्या आतच हाय."

संध्याकाळी जुलेखाबींनी आकडा बघितला आणि पुन्हा बटण दाबून बघितला. तीनशेच्या वर असता तर त्या तडक मॅडमकडे गेल्या असत्या. पण हा अगदी वेशीवर येऊन थांबला होता. रोज वाढत चाललंय, उद्या तीनशे ओलांडले की यांचा रोजा जाणार, आणि मग हा माणूस खचणार. त्यांनी आपल्या मनानं ठरवलं. सहेरीला खजूर काढून घेतला, दूध काढून घेतलं, एकच ज्वारीची भाकरी आणि भाजी वाढली. आणि गोळी अर्धी न देता पूर्ण दिली. त्यांनी हे सगळं प्रेमापोटीच केलं. उकंडरावांच्या एकादशीची गोळी सलामतचाचांच्या पोटात गेली.

मी डब्याशेजारी पडून होते. मला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं होतं. चाचा लग्नातल्या आंदणाची मोठी गादी शिवत होते. लाल फुलांची खोळ, वधूपक्ष संध्याकाळी न्यायला येणार होता. मी बघत होते. आधी त्यांचा टाका वाकडा पडला. चाचांचा टाका कधी वाकडा पडत नाही. मग कपाळावर घाम आला. मग ते स्वतःशीच हसले आणि गादीला म्हणाले, "बस ना, चहा घेते का?"

मला जर ओरडता आलं असतं तर त्या क्षणी मी सगळं धाड गोळा केलं असतं. मला बोटाशिवाय बोलता येत नाही, याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

चाचा शिवत राहिले. दाभण खोळीतून जात होतं, गादीतून जात होतं आणि बरोबर त्यांच्या सदऱ्याच्या टोकातूनही जात होतं. सुबक, घट्ट, पक्के टाके. पडदा बाजूला करून जुलेखाबी आल्या तेव्हा चाचा स्वतःला आंदणात देऊन बसले होते.

"अजी? रुकैया के अब्बा?"

चाचांनी मान वर केली आणि बायकोला "या पाव्हणे" म्हणाले.

जुलेखाबींनी एक क्षण घालवला नाही. मला उचललं, त्यांचं बोट धरलं, टोचलं. आज चाचांनी डोळे मिटले नाहीत, कलमा म्हटला नाही, यावरूनच समजा. किती दिवसांनी माझ्या पट्टीला मालकाचं रक्त लागत होतं. मी दाखवलं अठ्ठेचाळीस.

घाबरल्यावर माणूस आपल्या आईच्या भाषेत ओरडतो. एरवी उकंडरावांशी छान वऱ्हाडीत बोलणाऱ्या जुलेखाबी गिरणीकडे तोंड करून किंचाळल्या, "उकंडभाऊ! मीठा लाव! जल्दी मीठा लाव!"

गिरणी धडधडत होती. उकंडरावांच्या निम्म्या कानांनी निम्माच शब्द उचलला. ते धावले. साठीचा माणूस इतका जोरात धावलेला मी पहिल्यांदाच पाहिला. हातात पेला, पेल्यात पाणी, आणि पाण्यात मूठभर मीठ.

"बीपी लो झाला असंल, पाजा भाभी!"

जुलेखाबींनी न बघता पेला चाचांच्या तोंडाला लावला. चाचांनी ओठ मिटून घेतले. "रोजा," ते पुटपुटले. जुलेखाबींनी जबरदस्ती केली. घोटभर आत गेलं असेल नसेल, चाचांनी सगळं फुर्रकन बाहेर टाकलं. अर्धं गादीवर आणि अर्धं उकंडरावांवर. उकंडरावांच्या अंगावरच्या पिठाची कणीक झाली.

"अगं, खारं!" चाचा म्हणाले. "समिंदर पाजून राह्यले का मले?"

"मीठा बोली मैं, मीठा! शक्कर!" जुलेखाबी रडकुंडीला आल्या.

"मीठच तं आणलं!" उकंडराव म्हणाले. मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "गोड? गोड पाह्यजे का?" ते जरा घुटमळले. मग त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि लिमलेटच्या नारंगी गोळ्यांची मूठ बाहेर काढली. मग दुसऱ्या खिशातून आणखी एक मूठ. मग पाकिटाच्या कप्प्यातून गुळाचा खडा. बायकोपासून इतके दिवस लपवलेला सगळा खजिना त्यांनी गादीवर ओतला.

जुलेखाबींनी गुळाचा खडा पाण्यात कुस्करला आणि ढवळत राहिल्या. पण चाचा तोंड उघडेनात. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, तर त्यांच्याबरोबर गादीही उठली. ते परत बसले.

"थोडाच टाइम राह्यला," ते म्हणत होते, जीभ जड झाली होती. "अजान होऊ दे. मशीन खोटी हाय. कालच तं पाह्यलं, दोनशे एक्क्याण्णव. आज अठ्ठेचाळीस कसे? खोटी हाय ते."

जुलेखाबी थांबल्या. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. त्या एका क्षणात त्यांचाही माझ्यावरचा विश्वास डळमळला, मला तो डळमळताना दिसला. खरंच, एका दिवसात दोनशे एक्क्याण्णवचे अठ्ठेचाळीस कसे? माझी आयुष्यभराची कमाई म्हणजे लोकांचा भरवसा, आणि आज नेमका तोच कामाचा होता.

उकंडराव खाली बसले. अंगभर कणीक, टोपी कुठेतरी पडलेली. आयुष्यात पहिल्यांदा ते हळू आवाजात बोलले.

"मशीन खरी हाय सलामत. बोट खोटं व्हतं."

जुलेखाबींनी त्यांच्याकडे बघितलं.

"भाभी, ते सारे आकडे माहे हायेत. दुपारी म्याच बोट देत व्हतो. काल साबुदाणा खाल्लता, म्हणून एवढी वाढली."

आपण पहाटे दिलेली पूर्ण गोळी जुलेखाबींना आठवली असणार. त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्या हातातला पेला उकंडरावांनी काढून घेतला.

"आयक सलामत," ते म्हणाले. "काल माही एकादशी व्हती. आज द्वादशी हाय. आज आमच्यात पारणं करतात, उपास सोडतात. म्या सकाळी एकट्यानंच सोडला, त्यात काय मजा? तू आता सोड माह्यासंगं. तुहा रोजा माह्या बोटानं बिघडवला, तं माह्याच हातानं सोड. वरती काय इचारलं तं माहं नाव सांग. उकंड्यानं पाजलं म्हण."

चाचांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग जुलेखाबींकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "कितीक म्हनली?" त्यांनी मलाच विचारलं.

माझ्या पडद्यावर अजून अठ्ठेचाळीस होतं. मी ते विझू दिलं नाही, असं मी म्हणणार नाही. पण ते विझलं नाही खरं.

चाचांनी 'बिस्मिल्ला' म्हटलं आणि गुळाचं पाणी प्यायले. पेला संपेपर्यंत त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग त्यांनी लिमलेटची एक गोळी तोंडात टाकली आणि लहान पोरासारखे चोखत बसले. थोड्या वेळानं जुलेखाबींनी पुन्हा बोट घेतलं. मी शहाण्णव दाखवलं आणि मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की काय सांगू.

गोळी पूर्ण गेली होती, म्हणून शुगर पुन्हा उतरण्याची भीती होती. तातडीनं दवाखान्यात जायचं ठरलं. पण चाचा गादीतून सुटेनात. टाके इतके पक्के की दाभण तिथं चालेना आणि कात्री सापडेना. शेवटी चाचांनी सदरा गादीवरच सोडला आणि बनियनवर, जीपमध्ये बसून मॅडमकडे गेले. मॅडमनी त्यांना खाऊ घालून रात्रीपर्यंत बसवून ठेवलं आणि आकडा टिकला तेव्हाच सोडलं. बोलल्या फार नाहीत. फक्त म्हणाल्या, "या वर्षी आता रोजे नाहीत. आणि उकंडरावांना उद्या पाठवा, त्यांचंही बोट बघते." संध्याकाळी वधूपक्ष गादी न्यायला आला, तेव्हा तिच्यात एक सदरा शिवलेला होता. त्यांना वाटलं इकडची काही रीत असेल.

उरलेल्या रमजानात चाचा रोजे धरू शकले नाहीत. मौलानासाहेबांनी सांगितलं तसं ते प्रत्येक दिवसामागे एका गरिबाला जेवू घालायला लागले. दुकानातच पंगत बसायची. पहिल्याच दिवशी सगळ्यात आधी उकंडराव येऊन बसले.

"तू गरीब नाई बे," चाचा म्हणाले.

"घरी अन्नपूर्णानं चहा बंद केला, गूळ बंद केला, साबुदाणा बंद केला," उकंडराव म्हणाले. "माह्यापेक्षा गरीब कोन हाय गावात?"

त्यांना जुलेखाबींनी बिनसाखरेचा चहा दिला. आता रोज सकाळी दोन बायका आणि दोन बोटं माझ्यासमोर येतात. कुणाचं बोट कुणाचं, ते आधी दोघी मोठ्यानं सांगतात आणि मगच सुई टोचते.

हिवाळा आला तेव्हा चाचांनी मॅडमसमोर हात जोडले. तो एक अर्धवट सोडलेला रोजा त्यांना पुरा करायचा होता. गोळ्या बदललेल्या होत्या, दिवस लहान होते, आकडे बरे होते. मॅडम म्हणाल्या, "एकच. आणि मशीन खिशात." मी दिवसभर त्यांच्या खिशात होते. चाचांनी मला चार वेळा बाहेर काढलं आणि प्रत्येक वेळी स्वतःचं बोट पुढे केलं. डोळे अजूनही गच्च मिटतात, ते सोडा. उकंडराव सोबतीला त्या दिवशी नुसतं पाणी पिऊन बसले, साबुदाणा नाही की रताळं नाही, आणि संध्याकाळी त्यांचा आकडा आला एकशे बारा. त्यांना तो पटेना. म्हणाले, "मशीन खोटी हाय."

मी आता जुनी झालेय. माझ्या पडद्यावर ओरखडे आहेत, आठाची एक रेघ फिकट झालीय, आणि खाचांत उकंडरावांचं पीठ कायमचं बसलंय. या वर्षीचा चांद परवा दिसेल म्हणतात. मॅडम काय सांगतात ते कळेल. सांगतील तसंच करणार, असं चाचांनी कबूल केलंय, आणि पेटीतली ती गोधडी जुलेखाबींनी कुणाला तरी देऊन टाकलीय.

माझं मागणं एवढंच. रोजा धरा, एकादशी धरा, तुम्हाला जे पटेल ते धरा. मला शिव्या द्या, फुटकी म्हणा, चालेल. पण बोट स्वतःचं द्या. मला तुमचं नाव माहीत नाही हो. मी ज्याचं रक्त, त्याचीच काळजी करते.